अडतिसावी अडचण

डोंबिवली
९ जानेवारी २०२५

प्रिय उत्तरामावशी,

आधी पाकिटाचा डिंक तपास. तो शाबूत असणार, कारण काकांना मी विचारलं, "मावशीला एक चिठ्ठी द्याल का?" तर छाती काढून म्हणाले, "खोपटच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं काढली. बंद पार्सलला कधी बोट लावलं नाही." तेव्हा काकांच्या डब्याच्या पिशवीतून आपली टपालसेवा आजपासून सुरू. फोनवर तुझ्याशी बोलायची सोयच उरलेली नाही. तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर, आणि मेसेज पाठवला की काका तो खणखणीत वाचून दाखवतात. परवा मी तुला पाठवलेला मेसेज मला तुमच्या शेजारच्या स्वप्नाताईंनी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला.

दवाखान्याचं काका तुला रोज सांगत असतील, पण ते केसपेपरच्या खिडकीच्या आत बसून. आता माझ्या बाजूचं ऐक. शहाडचा आमचा विमलाबाई स्मृती दवाखाना उत्तमशेठनी आईच्या नावाने बांधला, मला तिथे इन्चार्ज सिस्टर होऊन दीड वर्ष झालं. सगळं ठीक चाललंय, फक्त बुधवार रडतोय. बुधवारी डॉक्टर ऋतिका खास बायकांच्या तपासणीसाठी येतात. वहीत नावं बासष्ट, आणि येतात किती? आठ. एकदा येतात त्या दुसऱ्यांदा येत नाहीत. काल उत्तमशेठ म्हणाले, "सिस्टर, ३१ मार्चपर्यंत बुधवारी वीस बायका दिसल्या पाहिजेत. नाहीतर त्या खोलीत मी दाताची खुर्ची बसवतो." खुर्चीचं बुकिंगसुद्धा झालंय म्हणे.

मावशी, ती खोली गेली तर ह्या बायकांना तपासायला दुसरं जवळचं कुणी नाही. मला ती जाऊ द्यायची नाही.

नशिबाने डिसेंबरातच मी ठाण्याला दोन दिवस एक पद्धत शिकून आलेय. आपल्या सेवेतल्या अडचणी ओळखायच्या, प्रत्येकीला मार्क द्यायचे (किती लोकांना त्रास होतो, किती मोठा होतो, सोडवायला किती सोपी आहे, मग तिन्हींचा गुणाकार) आणि ज्या अडचणीला सगळ्यात जास्त मार्क, ती आधी सोडवायची. सगळ्यांवर एकदम तुटून पडायचं नाही. मी आल्या आल्या यादी केली. सदतीस निघाल्या. गळका नळ, हॉलमधला पंखा, कंपाउंडर प्रफुल्लचं अक्षर, सगळं आहे त्यात.

"चांगल्या गोष्टी" असाही एक रकाना असतो. तिथे मी पहिलं नाव काकांच्या खिडकीचं लिहिलंय. ते आल्यापासून एकाही पेशंटचा नंबर चुकलेला नाही. माईकवर काय थाटात सांगतात, डेपोत गाड्या पुकारायचे तसं! "रुग्णांनी कृपया लक्ष द्यावे. गावठाणातून आलेल्या रमाबाई, तक्रार मूळव्याध, खोली क्रमांक दोनकडे मार्गस्थ होत आहेत." लोक टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. उत्तमशेठ तर मार्चमध्ये त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहेत.

तूही ये ना एखाद्या बुधवारी. साठी जवळ आली, एकदा तपासून घे.

तुझी
कल्पिता

खोपट, ठाणे
११ जानेवारी

चि. कल्पिता,

डिंक शाबूत होता. पाकीट माझ्या हातात ठेवताना ह्यांनी "ठाणे आगार, एक नग" असं जाहीर केलं, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. आता स्वप्नाला कळलंय की तुझं पत्र आलं. आत काय आहे ते तरी तिला कळलं नाही, एवढीच प्रगती.

मी तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण तुझं हे गणित मला जरा गमतीचं वाटतं. सदतीस अडचणी लिहिल्या कुणी? तू, प्रफुल्ल आणि नळ गळतो म्हणणारा तो शिपाई विश्राम. म्हणजे पेपरही तुम्हीच काढला आणि तपासणारही तुम्हीच. असा पेपर असता तर माझ्या वर्गात कुणी नापास झालं नसतं. पेशंटला विचार की.

सहज विचारते, तुझ्या सदतीसमध्ये खिडकीबद्दल एकही नाही? नसेल तर नसो.

माझं यायचं म्हणशील, तर माझे गुडघे तुला ठाऊकच आहेत. जिने, पूल, इतकी उठबस आता होत नाही. म्हणून तर भजनी मंडळही सोडलं. हे रोज संध्याकाळी तेल लावून गुडघे चोळून देतात, तेवढ्यावर चाललंय. मला आग्रह करू नकोस. तिळगूळ डब्यात ठेवलाय, विश्रामलाही दे.

तुझी
मावशी

डोंबिवली
३० जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं आणि पेशंटना विचारलं. आता बस आणि वाच, काय झालं ते.

प्रत्येकाला लिहितावाचता येईलच असं नाही, म्हणून मी हॉलमध्ये टेबलावर पाच बरण्या मांडल्या. प्रत्येकीवर एक चित्र: पंखा, रांग, औषधं, डॉक्टरांना उशीर, संडास. आलेल्या प्रत्येकाला तीन चिंचोके. ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास, त्या बरणीत टाकायचे. सत्तर माणसं आली. दुपारी मोजले तर चार बरण्यांत एकेचाळीस-एकेचाळीस, आणि पाचवीत चाळीस. आधी मला वाटलं, आपलंच मोजायला चुकलं. तीनदा मोजले. सहा कमी भरतायत ते एका आजीने नातवाला खेळायला नेले, ते मी स्वतः पाहिलं.

मग विश्रामला विचारलं, बाबा, हे असं कसं झालं? तर म्हणाला, "लोक बघत होते ना, कुठली बरणी रिकामी दिसते ती. त्या बिचारीला कुणीच काही दिलं नाही म्हणून तिच्यात टाकत होते." आणि त्यात आपले काका! माईकवरून चाललेलं, "कृपया लक्ष द्यावे. संडासाची बरणी मागे पडत आहे. पंख्याच्या बरणीत जागा शिल्लक नाही, प्रवाशांनी, आपलं, रुग्णांनी मागील बरणीचा वापर करावा." रिकाम्या गाडीत माणसं भरायची सवय, दुसरं काय! मी डोक्याला हात लावला. काका खूश. म्हणाले, "बघ, एकही बरणी रिकामी जाऊ दिली नाही."

मग आमची मीटिंग. सगळ्यांनी मार्क द्यायचे. प्रफुल्लने आपल्या औषधांच्या कपाटाला दहापैकी दहा, विश्रामने नळाला दहा, डॉक्टर ऋतिकांनी हत्यारं उकळायच्या भांड्याला दहा. उत्तमशेठ दहा मिनिटं येऊन बसले ते नेमके बंद पंख्याखाली. घाम पुसत म्हणाले, "पहिला नंबर पंख्याचा." झालं. माझ्या सगळ्या गुणाकारावर एका घामाने पाणी फिरवलं.

पंखा झाला. आता केसपेपर उडतात. आणि कालच्या बुधवारी बायका आल्या सहा. आठाच्या सहा झाल्या, मावशी! डॉक्टर ऋतिका खोलीत बसून स्वेटर विणत होत्या. मला खूप वाईट वाटलं. दोन महिने उरलेत.

काय चुकतंय? हॉल स्वच्छ आहे, डॉक्टर वेळेवर, बाई डॉक्टर, गोळ्या फुकट. तरी का येत नाहीत?

तुझी
कल्पिता

खोपट
३१ जानेवारी

चि. कल्पिता,

एकच गोष्ट लिहिते, रागावू नकोस. तू आलेल्यांना विचारलंस. आलेल्यांना कसली अडचण, त्या तर आल्या! पंगतीत बसलेल्यांना विचारून, न जेवता गेलेले का गेले, ते कळतं का? वहीतल्या बासष्टमधल्या ज्या येत नाहीत, त्यांच्या घरी जा. दवाखान्यात बोलावू नकोस, तू जा. आणि एकटी जा. ह्यांना बरोबर नेऊ नकोस. "वाट दाखवतो" म्हणून मागे लागतील, तरी नेऊ नकोस.

गुडघे तसेच. नको विचारूस.

मावशी

डोंबिवली
२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. तीनदा फाडलं. तुला वाचून त्रास होईल, त्याची आधीच माफी मागते.

तू सांगितलंस तशी घरोघर गेले. ड्युटी संपली की रोज दोन-तीन घरं. पहिल्या चार घरी चहा मिळाला आणि उत्तर एकच, "वेळ नाही झाला सिस्टर, येते पुढच्या बुधवारी." पाचव्या घरी गावठाणातल्या आवडाबाई. सत्तरीच्या, अंगणात वाल सोलत बसलेल्या. मला बघून उठल्या नाहीत. मी विचारलं, "आजी, जुलैत एकदा आलात, मग आलाच नाहीत. आमचं काही चुकलं का?"

हातातल्या शेंगा ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाय, माझे अंगावरशी जाते, ता मी माझे नवऱ्याला नाय सांगला. सुनंला नाय सांगला. ना तुझे खिडकीवरचे मानसान आख्खे गावाला सांगला! सांजचे भाजीवालो मना इचारतंय, आजी, आता बरा हाय का? मी कशाला येव परत?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्या पुढे म्हणाल्या, "मानूस वायीट नाय तो. मना बसाला खुर्ची दिली, पानी दिला. पन त्याचे त्वांड म्हंजे देवलाची घंटा."

मग मी आधीच्या चार घरी परत गेले आणि ह्या वेळी सरळ खिडकीबद्दल विचारलं. चौघीही माझ्याकडे बघेनात. एक हळूच म्हणाली, तिची तक्रार हॉलमध्ये पुकारली तेव्हा बाकावर तिचा सासरा बसला होता. एकूण एकोणीस घरं झाली, मावशी. पंधरा ठिकाणी हेच. कुणी बरणीत टाकलं नाही, कारण ही बरणी मी ठेवलीच नव्हती. आणि ठेवली असती तरी काकांच्या डोळ्यांदेखत त्यात चिंचोका टाकणार कोण? सगळ्यांना ते आवडतात. मलाही.

आता माझी फजिती बघ. ज्या अडचणीपायी बुधवारची खोली जाणार, तिचं नाव मी चांगल्या गोष्टींच्या रकान्यात पहिलं लिहून ठेवलंय. वर ते माझे काका. रिटायर झाल्यावर सहा महिने खिडकीत बसून रस्त्यावरच्या एसट्या मोजत होते, तेव्हा मीच त्यांना इथे आणलं. त्या माईकपुढे बसले की दहा वर्षांनी तरुण दिसतात. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या आवाजाने बायका पळतायत? आणि हे पत्र त्यांच्याच हातून पाठवतेय, ह्याची लाज वाटते ती वेगळीच.

तुला दुखवायचा हेतू नाही. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

कल्पिता

खोपट
२२ फेब्रुवारी

चि. कल्पिता,

मला दुःख नाही झालं. मी वाचून दार लावलं आणि रडले, पण ते दुसऱ्या कारणाने. आवडाबाईंना मी ओळखत नाही, तरी त्यांच्या अंगणात जाऊन बसावंसं वाटलं.

आता खरं सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

दोन वर्षं झाली. खोकला आला, शिंक आली, बादली उचलली की लघवी आवरत नाही. हसले तरी. भजनी मंडळ त्यासाठी सोडलं, तुझ्या भावाच्या लग्नात शेवटच्या रांगेत दाराशी बसले होते ती त्यासाठी. कुणी गंमत सांगायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. मंडळातल्या बायकांना वाटतं, उत्तराताईंना गर्व चढला. काहीतरी कारण द्यायला हवं होतं, म्हणून गुडघे म्हटलं. तेव्हापासून हा भला माणूस रोज संध्याकाळी तेल कोमट करून माझे गुडघे चोळतो. दोन वर्षं, कल्पिता, एक दिवस चुकवलेला नाही. गुडघ्यांना आता इतकं तेल मिळालंय की मी धावायच्या शर्यतीत उतरेन.

ठाण्यात डॉक्टर का गाठला नाही, विचारशील. कशी जाऊ? मी निघाले की हे रजा टाकून बरोबर निघणार. रिक्षावाल्याला सांगणार, औषधाच्या दुकानात सांगणार, परतताना डेपोत शिरून जुन्या मित्रांना सांगणार. वाईट मनाने नाही. ह्यांना वाटतं, आजार आपल्या माणसांपासून कशाला लपवायचा? आणि ह्यांची माणसं म्हणजे ठाणे जिल्हा.

पहिल्याच पत्रात मी तुला खिडकीबद्दल विचारलं होतं, ते सहज नव्हतं. ह्यांनी घरी येऊन मोठ्या अभिमानाने मला त्या रमाबाईंची घोषणा करून दाखवली होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ह्यांचा उतरलेला चेहरा मला बघवला नसता, म्हणून गप्प राहिले. इतक्या बायकांचं नुकसान झालं त्यात माझाही हात आहे.

तू ह्यांना काही बोलू नकोस. तू बोललीस तर साहेबाने मेमो दिला असं होईल. माझं मी बघते. मला थोडा धीर गोळा करू दे.

मावशी

शहाड, दवाखान्यातून
२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून मी औषधांच्या खोलीत जाऊन बसले. प्रफुल्लने विचारलं, काय झालं, तर सांगितलं, डोळ्यात धूळ गेली. आता मीही खोटं बोलायला लागले.

नीट वाच. ह्याला उपाय आहे. अगं, किती बायकांना हे असतं! बऱ्याच जणींना नुसत्या व्यायामाने फरक पडतो, आणि नाही पडला तर पुढचे उपाय आहेत. तू दोन वर्षं हसणं बंद केलंस आणि मला, नर्स असून, कळलं नाही, ह्याचा मला माझाच राग आलाय. ह्या बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी आहे. पुढच्या बुधवारी, पाच मार्चला ये. मागच्या दाराने ये. मी काकांना त्या वेळी बँकेच्या कामाला पिटाळते. कुणाला कळणार नाही.

येशील ना?

कल्पिता

खोपट
६ मार्च

चि. कल्पिता,

काल तू खोलीत होतीस, त्यामुळे बाहेर काय घडलं ते तुला अर्धंच माहीत. डॉक्टरीणबाईंपुढे सांगता येईना, म्हणून आज लिहिते.

मागचं दार मला दिसलं होतं. तिथपर्यंत गेलेही होते. मग वाटलं, आवडाबाईंना कुठे होतं मागचं दार? मी इथून गुपचूप आत गेले तर माझ्यापुरतं भागेल, आणि उद्या हे पुन्हा कुणाचं तरी नाव पुकारतील. म्हणून वळून पुढच्या दाराने आले आणि रांगेत उभी राहिले. बँकेत जायला ह्यांनी तुला नकार दिला, ते बरंच झालं.

पुढे पाच बायका. माझा नंबर आला. हे काचेआडून बघून इतके खुलले, "अगं, तू? गुडघे घेऊन इतका जिना चढलीस?" मी म्हटलं, "पेशंट म्हणून आलेय. काय नियम असेल तो करा." ह्यांना नियम म्हटलं की अंगात येतं. पाठ ताठ केली, पेन उघडलं. "नाव?" मी म्हटलं, उत्तरा गोपीनाथ. "तक्रार?" मी कागदावर लिहूनच आणलं होतं. "लघवी आवरत नाही. दोन वर्षं." कागद आत सरकवला.

ह्यांनी वाचायच्या आधीच सवयीने माईकचं बटण दाबलं. "रुग्णांनी कृपया लक्ष द्यावे." सगळा हॉल वर बघायला लागला. मग ह्यांची नजर कागदावर गेली.

आणि पुढे काहीच येईना. चौतीस वर्षांत ज्या माणसाने पावसात अडकलेल्या गाड्या, रद्द झालेल्या गाड्या, हरवलेली पोरं, सगळं न अडखळता सांगितलं, तो माणूस कागदाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, आणि माईकमधून नुसता श्वास ऐकू येतोय. हॉलमध्ये सगळे लक्ष देऊन बसलेले. शेवटी म्हणाले, "रुग्णांनी कृपया... बसून राहावे." आणि बटण बंद केलं.

खुर्ची सोडून बाहेर आले. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला चार नंबरच्या खोलीपर्यंत सोडायला आले. दाराशी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" इतक्या हळू विचारलं, की क्षणभर मला दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, हा आवाज ह्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, तुमचा माईक बंद कधी असतो?"

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की परत फिरून म्हणावं, जाऊ द्या, काही नाही झालं. पण तेवढ्यात तू दार उघडलंस.

काल संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन आले आणि तशीच परत घेऊन गेले. आज सकाळी हे पाकीट हातात दिलं तर पहिल्यांदाच विचारलं, "ह्यात माझ्याबद्दल आहे का?" मी खरं सांगितलं, आहे. पिशवीत ठेवलं, डब्याच्या खाली, नीट आडवं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम सुरू केलाय. ह्यांचं आता तू बघ. माणूस मोडलाय माझा.

मावशी

शहाड
२० मार्च २०२५

प्रति,
इन्चार्ज सिस्टर,
विमलाबाई स्मृती दवाखाना, शहाड

विषय: अडचणींच्या यादीत क्रमांक ३८ नोंदवून घेण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण तयार केलेल्या सदतीस अडचणींच्या यादीत एक नोंद राहून गेलेली आहे. ती खालीलप्रमाणे. अडचण: खिडकीवरील माणूस. आपल्या पद्धतीनुसार मी स्वतः मार्क दिले आहेत. किती जणांना त्रास: आपण घरोघर फिरून काढलेल्या आकड्याप्रमाणे एकोणीस घरांपैकी पंधरा. ते मला आपल्या मावशीकडून समजले. त्यात माझे घर मिळविले असता सोळा. म्हणून दहापैकी नऊ. त्रास किती मोठा: दहापैकी दहा. सोडविण्यास किती सोपी: दहापैकी दहा, कारण एक बटण बंद करावयाचे आहे. तिन्हींचा गुणाकार नऊशे. पंख्याला आपण किती दिले होते ते मी विचारत नाही.

कल्पिता, पुढचं मला त्या भाषेत लिहिता येत नाही.

सात तारखेपासून दोन दिवस मी आलो नाही तेव्हा तुला वाटलं मी रुसलो. मी गावठाणात गेलो होतो. आवडाबाईंच्या अंगणात उभा राहून माफी मागितली. त्यांनी मला तासभर वाल सोलायला बसवलं आणि सगळा वेळ माझी हजेरी घेतली. गल्लीतली माणसं जमली होती, त्यांच्यासमोर. मला कळलं, चार लोकांत आपली तक्रार वाचली जाते तेव्हा कसं वाटतं. तिथून उठलो आणि वहीतल्या बाकीच्या घरी गेलो. आत कुठेच गेलो नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून एवढंच सांगितलं, "आता खिडकीवर तक्रार विचारत नाहीत. नुसता नंबर देतात. तक्रार आत बाईंना सांगायची."

माईक काढून मी प्रफुल्लच्या कपाटात ठेवलाय, किल्ली त्याच्याकडे. हल्ली नंबरचा बिल्ला हातात देतो आणि नंबर आला की उठून जवळ जाऊन सांगतो. बसल्या जागेवरून दिवसभर उठबस होते. आता गुडघे माझे दुखतात.

उत्तमशेठना भेटलो. सत्कार नको म्हटलं, कारणही सांगितलं. त्यांनी मला समोर बसवून घेतलं. मग म्हणाले, त्यांची आई, ज्यांच्या नावाचा हा दवाखाना आहे त्या विमलाबाई, असलाच काहीतरी आजार कुणाला न सांगता गेल्या. बारा तारखेच्या बुधवारी अकरा बायका होत्या, काल सतरा. वीस नाहीत, हे मी त्यांना स्वतः सांगितलं. त्यांनी जूनपर्यंत मुदत दिली आहे. दाताची खुर्ची येऊन पडली आहे, ती सध्या व्हरांड्यात आहे आणि विश्राम तीत बसून पेपर वाचतो. काल आवडाबाई आल्या होत्या. मी बिल्ला दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पण आल्या.

एक गोष्ट मनातून जात नाही. मला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं, असं परक्या बायकांना वाटलं ते एक वेळ समजू शकतो. माझ्या घरात माझ्या माणसाला दोन वर्षं तेच वाटत होतं. मी रोज तिच्याजवळ तासभर बसत होतो, आणि बोलत मीच होतो. ह्याची मला फार शरम वाटते. मला खिडकीवर ठेवायचं की नाही ते तू ठरव. ठेवलंस तर बरं वाटेल, काढलंस तरी राग नाही.

आज सकाळी चहा घेताना उत्तराने मला एक गोष्ट सांगितली. लग्नाच्याही आधीची आहे, तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

ती गोष्ट मी तुला लिहिणार नाही.

तुझा
काका